माझी भिक्खुणी दारात उभी आहे

शनि., १ फेब्रु.
निनादकडे, नारायण पेठ. फासे टाकत गोष्ट रचायच्या आमच्या खेळातली जुनी मोहीम संपली, माझी जादूगारीण मेली. फासे टाकले आणि गेली. वाईट वाटलं नाही, याचं जरा वाईट वाटलं.
पुढच्या शनिवारी नवीन गोष्ट, नवीन कॅरेक्टर. मुक्ता म्हणाली, "तू मंक घे, लढणारा भिक्खू. एका फेरीत चार ठोसे, बाण हवेत पकडायचा, चिलखताची कटकट नाही." निनाद गोष्ट चालवतो, त्यामुळे शेवटचा शब्द त्याचा. म्हणाला, "घे ना. अभिनयही करावा लागणार नाही. तशीही तू आमच्यात बसून मनातल्या मनात सगळ्यांना क्षमाच करत असतेस." हसले सगळे. मीही. हो म्हणून आले.
त्यांना दादाचं माहीत नाही. डिसेंबरात दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला गेला. केस काढले, चीवर घेतलं. शिबिर संपलं, बाकीची मुलं चीवर परत करून आपापल्या नोकरीवर गेली. दादा तिथेच आहे. आता कायमचं भिक्खू व्हायचं म्हणतो. माघ पौर्णिमेला, म्हणजे बारा तारखेला. आईवडिलांची परवानगी नसेल तर भन्ते दीक्षा देत नाहीत. आईची आहे. पप्पांची नाही.
आणि मी खेळात भिक्खू होणार.

रवि., २ फेब्रु.
विहारात भोजनदान. धायरीहून तिघे, पप्पांच्या गाडीने. पप्पा फाटकापर्यंत आले, आत नाही. "टायरमधली हवा बघतो." हवा ठीक होती.
भिक्खू ओळीने आले, दादा शेवटी. मागत नाहीत, बोलत नाहीत. नुसते थांबतात. आईने भात घातला आणि वाकून पाया पडली. स्वतःच्या मुलाच्या. मला आधी जमेना, मग जमलं. त्याची नजर खाली. त्याचं नवं नाव अजून हातातून उतरत नाही, म्हणून दादाच लिहिते.
येताना गाडीत. आई: "अहो, एकदा आत येऊन बघायचं तरी."
"काय बघू? माझे आजोबा गावात दारोदार शिळी भाकरी मागायचे. अख्ख्या गावाची कामं करायची, त्याचा मोबदला तो. लोक वरून टाकायचे, ते झोळीत झेलायचे. माझ्या बापाने छप्पन साली धम्म घेतला तो हे बंद करायला. मग कुठे मी सरकारी ऑफिसात खुर्चीवर बसलो. आणि आता इंजिनियर पोरगा वाडगं घेऊन उभा."
"वाडगं नाही हो, भिक्षापात्र."
"नाव बदललं की झालं?"


मंगळ., ४ फेब्रु.
कोथरूड, क्लासमध्ये. दोन बॅचच्या मध्ये थोडा वेळ. दहावीची मुलं खाली वडापाव खातायत.
कॅरेक्टर. निनादच्या खेळाच्या पुस्तकातला मंक डोंगरावरच्या मठात वाढतो आणि लाथा मारतो. तो नको. दुसरा सुचला तो तालमीतला पैलवान. कुस्तीत समोरच्याची मान मोडली, तेव्हापासून चीवर. आता हात उचलायचा नाही असं ठरवलंय, पण हातांना सगळं आठवतं. हा चांगला आहे. पण मला पैलवानासारखं बोलता येणार नाही, मुक्ता हसत सुटेल.
मौनव्रत घेतलेली एक. हे निनादला फोनवर सांगितलं. "शनिवारी तू गप्प बसणार? आम्ही वर्गणी काढून पेढे वाटू."
स्तूप झाडणारी. शस्त्र म्हणजे खराटा. खराट्याने मारणार नाही, वाट अडवेल. बरी.
घरातून न विचारता पळून गेलेला. जिथे जाईल तिथे पहिला प्रश्न, कुणी पाठवलं? हा लिहिला आणि खोडला. हा माझा नाही. दादाचंही पूर्ण खरं नाही यात, कारण तो पळाला नाही. पळाला असता तर पप्पांना सोपं गेलं असतं का?
मुलं परत आली.

शुक्र., ७ फेब्रु.
ठरलं. म्हातारी भिक्खुणी. नातवंडं शाळेत जायला लागल्यावर घर सोडलेली. सगळ्यांना बाळा म्हणते, राक्षसालाही. दुपारनंतर जेवत नाही, त्यामुळे सगळ्या टोळीला तिच्यासाठी सकाळी थांबावं लागणार. मारत नाही, मारणाऱ्याचं मनगट धरते.
सामानात काय लिहू? निनादचा मेसेज, "भिक्षापात्र हवंच. मस्त दिसतं." तेवढी एक ओळ लिहायला फार वेळ लागला.
पप्पांनी मागून वाचलं. बालवाडीच्या आधी त्यांनीच मला आणि दादाला ओट्यावर बसवून अक्षरं गिरवून घेतली, वंदना पाठ करून घेतली, त्यामुळे माझं काही लिहिलेलं दिसलं की वाचायचा त्यांना अजून हक्क वाटतो.
"मारामारी करणारे भिक्खू? कुठल्या देशातले?"
"खेळातले."
"हं. पगार असतो का त्यांना?"
चष्मा पुसत आत गेले.

शनि., ८ फेब्रु.
नीट लिहायला हवं.
आमची टोळी एका गावात शिरते. निनाद गाव छान रंगवतो. दोन वर्षं दुष्काळ, लोक चिडलेले. म्हणाला, "तुझी म्हातारी पहिल्या दारात उभी आहे. दार अर्धवट उघडतं. बाई बाहेर येत नाही. आतूनच भाकरी पायरीवर टाकते. काय करतेस?"
त्याने मुद्दाम केलं नाही. त्याला काय माहीत.
मुक्ता: "उचल ना पटकन. ताकद वाढेल."
"माझी भिक्खुणी उचलत नाही."
"का? अभिमान?" निनाद.
"नियम. कुणी दिल्याशिवाय घेता येत नाही. खाली पडलेलं उचललं तर ते न दिलेलं घेणं झालं."
"मग काय करते?"
"उभी राहते."
"दार बंद होतं."
"उभी आहे."
"ऊन चढतं. दुपार व्हायला आली. मग तुला जेवता येणार नाही."
"माहीत आहे. उभी आहे."
मुक्ता हळूच, "अगं, आपल्याला डाकू पकडायचेत." कुणी हसलं नाही. निनादने फासे उचलले, मुठीत खुळखुळवले, टाकले नाहीत. मग बाईचा आवाज न काढता, स्वतःच्याच आवाजात म्हणाला, "दार उघडतं. ती उंबरा ओलांडून येते. भाकरी हाताने पात्रात ठेवते."
"आणि वाकते."
"ती का वाकेल?"
"देणारा वाकतो."
"हे पुस्तकात कुठेच नाही."
"नाहीये."
"बरं. वाकते."
पाणी प्यायला म्हणून आत गेले, मोरीपाशी थोडा वेळ उभी राहिले. निघताना निनाद जिन्यापर्यंत आला. "मी काही चुकीचं बोललो का?" म्हटलं, "नाही. गाव बरोबर रंगवलंस."
घरी येताना एकच. पप्पांच्या आजोबांपुढे कुणी वाकलं नाही. दादापुढे आई वाकली. फरक तो आहे. हे पप्पांना सांगायला हवं.
पण नियम मी सांगितला तसाच आहे ना?

रवि., ९ फेब्रु.
एकटीच स्कूटीवर विहारात. पिंपळाखाली, नियमाप्रमाणे चार लोकांसमोर, दादाला विचारलं. खेळाचंही सांगितलं. हसला. डिसेंबरनंतर पहिल्यांदा.
मग म्हणाला, "जमिनीवरचं उचलायचं नाही, हे बरोबर. पण कुणी टाकलं आणि ते पात्रात पडलं, तर चालतं. ते दिलेलंच धरतात."
"वरून टाकलं तरी?"
"हो."
म्हणजे झोळीत झेललेलं चाललं असतं. आणि देणारा वाकलाच पाहिजे असंही कुठे नाही. वाकतात, ते त्यांच्या श्रद्धेनं. माझी भिक्खुणी अर्धी चुकली.
"हे पप्पांना सांगणार?"
"विचारलं तर."
"न विचारताही सांगशील तू."
"नको सांगू का? तीन दिवसांवर आलंय."
तो म्हणाला, "सांग. माझ्यासाठी म्हणून निवडून सांगू नकोस."

सोम., १० फेब्रु.
सांगितलं. पप्पा भाजी निवडत होते. आधी खेळातलं, बाई कशी बाहेर आली ते. ऐकत होते. मेथीची काडी हातात तशीच. इथे थांबता आलं असतं. थांबले नाही. पात्रात पडलं तर चालतं, तेही सांगितलं.
"म्हणजे टाकलं तरी चालतं."
"पात्रात पडलं तर."
"माझे आजोबाही खाली पडू द्यायचे नाहीत."
मग, "आणि दार उघडलंच नाही तर?"
"तर त्या दिवशी उपाशी."
"तेही उपाशीच राहायचे. त्याला नियम म्हणत नव्हते, एवढंच."
आत कुकरची शिट्टी झाली, ती उगाचच जोरात वाटली. थोड्या वेळाने पप्पा म्हणाले, "त्यांना कुणी विचारलं नव्हतं, उभं राहायचंय का म्हणून. याला कुणी सांगितलं नव्हतं, उभा राहा म्हणून." पुढचं वाक्य येईल म्हणून वाट पाहिली. मेथी संपली, उठले.
मी बिघडवलं की...

मंगळ., ११ फेब्रु.
निनादचा मेसेज, शनिवारी येणार का. उत्तर दिलेलं नाही.
संध्याकाळी पप्पांनी स्वतः जाऊन इस्त्रीवाल्याकडून पांढरा सदरा-पायजमा आणला. पौर्णिमेला विहारात पांढरंच घालतात, हो म्हणायला जाणारे असोत की नाही म्हणायला. आईने विचारलं, "अहो, काय ठरवलंत?" म्हणाले, "सकाळी लवकर निघू."
मग माझ्याकडे वळून, "तिथे मला सगळ्यांसमोर बोलावं लागतं का?"
"नाही. भन्ते दादाला विचारतात, आईवडिलांची परवानगी आहे का. उत्तर तोच देतो."
"आणि मी तोवर त्याला काही बोललोच नाही, तर?"
"तर त्याला नाही म्हणावं लागेल."
पप्पांनी सदरा पलंगावर पसरला, कॉलर सरळ केली.
"तो खोटं बोलणार नाही," म्हणाले. मला नाही, सदऱ्याकडे बघत.