मातीचं पोट

सोमवार
आले एकदाची. सुनेचे टोमणे गिळण्यापेक्षा परक्या घरी राबलेलं बरं. खोली छान आहे, खिडकीत ऊन येतं, गादीत ढेकूण नाहीत. घरधनी एकटाच. शाळांसाठी मातीचे पुतळे बनवतो. पुतळ्याच्या पोटावरचं झाकण काढलं की आत आतडी, काळीज, मूत्रपिंडं, सगळं सुटं. माणूस कसला, शिवणाचा डबा!

मंगळवार
त्याला म्हातारीचा पुतळा करायचाय, म्हणून माझी मापं घेतली. मग मातीचा ओला गोळा पुढे धरून म्हणाला, आजी, थुंका यात, आमची रीत आहे. मी म्हटलं, तुमच्यासाठी बादलीभर थुंकेन. हसला नाही मेला. एकेक भाग वळताना शिकवत होता: पचनसंस्था अन्न जिरवते, श्वसनसंस्था हवा आतबाहेर करते, रक्ताभिसरणसंस्था रक्त फिरवते, आणि या सगळ्यांवर हुकूम मज्जासंस्थेचा. मी म्हटलं, एवढ्या संस्था, म्हणजे आत कुणीतरी खाबू असणारच.

गुरुवार
आज माझा स्वयंपाक त्याने कुत्र्यापुढे ओतला. वर म्हणे, म्हातारे, तुझ्या हाताला चव नाही, नुसती जिभेला धार. मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. तो बाहेर पडताच माझ्या पुतळ्यातलं ओलं जठर काढलं आणि बादलीत बुडवलं. बस म्हटलं आता पुन्हा मळत! विरघळलं, तसं मोरीत ओतून दिलं. गार वाटलं जिवाला.
जेवायला बसले. पहिला घास खाली उतरेना.

शुक्रवार
पाणीही उलटतंय. भूक नाही, कळ नाही. पोट दाबलं की हात आत जातच राहतो. घरधन्याला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला की थुंकी मिसळली की माती त्या माणसाची होते. जठर तर आजी, तुम्हीच ओतलंत. दुसरं करून दे म्हणून पदर पसरला. जन्मात कुणापुढे पसरला नव्हता. म्हणतो कसा, घाई काय, अजून बाकीचे भाग तपासायचेत.

शनिवार
सकाळी त्याने पुतळ्यातली मूत्रपिंडं काढून रंगवायला घेतली. लघवी बंद. तोंड सुजलं, पाय सुजले. तशीच पळाले. फाटकाशी मागे पाहिलं तर तो पुतळा घेऊन खिडकीत. त्याने पुतळ्याच्या मांडीतलं हाड उपसलं. कोसळले. मांडी कणकेसारखी लोळागोळा— उचलून आत आणलं. म्हणे, कळलं ना, अस्थिसंस्था कशासाठी असते ते? मुडदा बशिवला याचा!

रविवार
डावं फुप्फुस टेबलावर वाळतंय. श्वास अर्धाच— पुतळा फोडावा तर मीच फुटणार. त्याला ठाऊक आहे. म्हणून तर माझ्या उशाशी ठेवतो.

सोमवार
पुतळ्याच्या डोक्याचं झाकण उघडलंय. कोरणी घेऊन बसलाय. म्हणे, लिहीत राहा, कुठे अडतं ते बघू—
एक कोर काढली. नातीचं तोंड आठवेना.
आणखी एक—
भीक मागणार नाही. याच्यासाठी एक जहाल शिवी राखून ठेवलीय. बोलता येईना. लिहूनच देते. सुरुवात आहे ध्यानात—
मेल्या, तुझ्या