मागच्या दारचं पीठ

थोर्पबी, लिंकनशायर
३ नोव्हेंबर १९७६

प्रिय फिलिस,

तू बरी आहेस ना? तुझ्या जॉर्जची पाठ काय म्हणते? मी ठणठणीत आहे. उन्हाळ्यात करपलेलं गवत पुन्हा हिरवं झालंय, सफरचंदं मात्र यंदा बोराएवढी. सुगीच्या सणाला चर्चमध्ये माझा भोपळा वेदीपाशी मांडला आणि मिसेस ड्रिंगचा दाराशी, म्हणून तिने माझ्याशी अबोला धरलाय. एकूण छान चाललंय.

आपल्या केझाया आजीची माहिती जमवायचं खूळ मी डोक्यात घेतलंय, हे तुला कळवलं होतंच. "धुणं धुणाऱ्या बाईचा कसला आलाय इतिहास!" असं तू लिहिलंस. खरंय. तिची कबरसुद्धा सापडत नाही. लाकडी क्रूस होता, तो कुजून गेला. आजोबा गवताच्या गंजीखाली सापडून गेले तेव्हा आई तिच्या पोटात होती, एवढंच चर्चच्या कागदांत आहे. बाकीचं गावाच्या तोंडात. नाताळाच्या आधी गिरणीवाला ओल्डरशॉ मागच्या दाराने आजीकडे पिठाची गोणी घेऊन यायचा, आणि आपली आई खरी कुणाची... असो. तुला माहीत आहे.

शेवटी मी म्हाताऱ्या डॉर्कस पेलकडे गेले. तिची आई आजीची शेजारीण. डॉर्कस आता शहाण्णव वर्षांची आहे, ऐकू येत नाही, जीभ मात्र शाबूत. आधी तिने माझ्या केकला नावं ठेवली, मग दोन तुकडे खाल्ले, मग मी ओरडून पिठाचं विचारलं.

"अगं, पीठ काय तुझ्या एकट्या आजीला मिळायचं होय?" ती म्हणाली. "नाताळाआधी सेंट थॉमसच्या दिवशी गावातल्या सगळ्या विधवा दारोदार गहू मागायच्या आणि गिरणीवाला तो फुकट दळून द्यायचा. माझी आईपण जायची. तुझी आजी काही गेली नाही. धुणी धुवीन, पण हात पसरणार नाही म्हणाली. मग त्यालाच कीव आली, पोर उपाशी मरेल म्हणून. कुणी बघू नये म्हणून मागच्या दाराने यायचा बिचारा."

"आणि माझी आई?"

"ती दुडूदुडू धावत होती तेव्हा तो माणूस या गावात राहायला आला! पण लोकांना हिशेब कुठे हवा असतो बाई, चव हवी असते."

लहानपणी चुलीपाशी बसून ऐकलेलं एक बोलणंही तिने सांगितलं. तिची आई आजीला समजावत होती, "केझाया, लोक काय वाट्टेल ते बोलताहेत. सांगून टाक ना, दानाचं पीठ आहे म्हणून." आजी इस्त्री करत होती. मान वर न करताच म्हणाली, "बदचालीची म्हणू देत. भिकारीण नको म्हणायला."

फिलिस, मी खो खो हसले आणि हसता हसता रडले. अशी होती आपली आजी! मला तिचा फार अभिमान वाटला.

आता खरं सांगते. खूळबीळ काही नव्हतं. ईस्टरला माझ्या स्वयंपाकघरात पर्सी ओल्डरशॉचे बूट पाहून तू म्हणालीस, "त्या गिरणीवाल्याचा नातू? आजीचं राहिलेलं तू पुरं करणार वाटतं! निघायचा तुझा भाऊच!" तू हसण्यावारी नेलंस, पण माझ्या काळजात ते रुतलं. त्याच आठवड्यात त्याने मला मागणी घातली होती. मी त्याला थांब म्हटलं. बासष्टाव्या वर्षी बाई 'थांब' म्हणते आणि पुरुष थांबतो, आहे की नाही गंमत? त्याने माझं कुंपण दुरुस्त केलं, वाफ्यात शेणखत घातलं, थांबायचं कारण एकदाही विचारलं नाही.

डॉर्कसकडून निघाले ती सरळ त्याच्याकडे गेले. तो बटाटे सोलत होता.

"पर्सी, माझी तयारी आहे."

"कशाची?"

"लग्नाची, मूर्खा."

"एवढे बटाटे संपवू का आधी?" म्हणाला. आणि सालं पातेल्यात न् बटाटा केराच्या बादलीत टाकायला लागला, तेव्हा सुरी मीच काढून घेतली. मी सुखात आहे गं, फार सुखात.

रीतीप्रमाणे पाद्रीबाबा तीन रविवार भर चर्चमध्ये विचारतात, या लग्नाला कुणाची हरकत आहे का. दोनदा विचारून झालं. कुणी साधं खोकलंसुद्धा नाही. तिसरा रविवार आता येणारा. शनिवारच्या गाडीने ये, पर्सी स्टेशनवर येईल. पहिल्या बाकावर माझ्याशेजारी बस, आणि पाद्रीबाबा विचारतील तेव्हा आयुष्यात एकदा तरी गप्प राहा.

तुझ्या त्या गप्प राहण्याची वाट पाहणारी,
तुझीच
ऑलिव्ह