बंद दारावरची अक्षत

केलगेरी, धारवाड
ता. ११ नोव्हेंबर २००४

चिरंजीव संतोष यास अनेक आशीर्वाद.

मी, लक्ष्मण सटवाजी कदम, वय वर्षे बहात्तर, मराठी चौथी पास, धारवाड कोर्टातून निवृत्त झालेला बेलीफ, राहणार केलगेरी, खालील मजकूर पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे.

इकडे सर्व क्षेम. तुझ्या मातोश्रींचा गुडघा थंडीने धरतो, तरी भाकरी त्या स्वतःच थापतात. तलावाला पाणी बरे आहे.

तू फोनवर विचारलेस, "अप्पा, अनिता काही बोलली का? मुक्काम अर्धा टाकून का निघालात?" आणि पुन्हा येण्यासाठी तिकीट पाठवतो म्हणालास. सूनबाईंनी माझी बडदास्त उत्तम ठेवली, हे प्रथम नमूद करतो.

योकोहामातील तुमचा तो आओबा वॉर्ड स्वच्छ आहे, यात वाद नाही. चढावर एकासारखे एक घर, वळणावळणावर गोल आरसे, मांजरे येऊ नयेत म्हणून भिंतीकडेला पाण्याने भरलेल्या बाटल्या. भर दुपारीही माणूस दिसत नाही. आरशात मात्र आपणच आपल्या अंगावर चालून येताना दिसतो.

तुझ्या घरच्या सत्यनारायणाला शेजाऱ्यांना बोलवावे, असे मी म्हटले तेव्हा तू हसलास. "अप्पा, इथं असं कुणी कुणाकडं जात नाही." परंतु रीत ती रीत. मी नातीला, दीपश्रीला, घेऊन घरोघर उंबऱ्यावर अक्षत ठेवली. ती त्यांच्या भाषेत सांगे, लोक वाकून नमस्कार करीत. उताराच्या शेवटच्या घराचे दार उघडले नाही. कोर्टात असताना दार बंद असले तर आम्ही समन्स दारावर चिकटवीत असू, आणि ते बजावले गेले असे धरले जाई. त्याच रिवाजाने मी तेथेही अक्षत ठेवली व स्पष्ट आवाजात म्हणालो, "आत जे कोणी असतील त्यांनी प्रसादाला यावे."

घरी आल्यावर तू म्हणालास, "अहो, ते घर रिकामं आहे. म्हातारी एकटीच होती. वारली तेव्हा लोकांना किती दिवस पत्ताच नव्हता."

पूजेला त्या गल्लीतून कोणी आले नाही, असे तुम्ही उभयता मानता.

दुसऱ्या दिवशी आपली सर्वांची पायताणे दाराकडे तोंड करून ओळीने लावलेली होती. सूनबाई पोरीवर रागावल्या. "तुला सांगितलंय ना, बुटांना हात लावायचा नाही म्हणून?"

"मी नाही, आज्जीनं लावले. बाहेर जायला बरं पडतं म्हणाली."

आज्जी तर धारवाडला, म्हणून सूनबाई हसल्या. मी हसलो नाही. पोर ताटातला अर्धा घास बाजूला काढून ठेवू लागली, तेही मी पाहत होतो.

यापुढील गोष्ट मी तुम्हांस सांगितली नव्हती. एके दुपारी सूनबाईंचा डोळा लागला असता दीपश्री घरात दिसेना. ती मला त्या शेवटच्या घराच्या पायरीवर सापडली. बूट काढून नीट ठेवलेले, आणि दार बोटभर उघडे.

"आजोबा, आपण आज्जीला बोलावलं होतं ना? आता तिनं मला बोलावलंय. जायला नको?"

पोरीचे म्हणणे रीतीला धरून होते. म्हणूनच मला घाम फुटला.

मी तिला कडेवर घेतले. त्या फटीकडे पाहून हात जोडले. "बाई, पोर लहान आहे. बोलावणे माझे, तेव्हा पाहुणचारही माझ्याकडे. माझे घर धारवाडला आहे. चला." खिशात राहिलेली अक्षत उंबऱ्यावर ठेवली. भाषा समजली की नाही, ठाऊक नाही. दार आतून लागले.

त्याच आठवड्यात मी निघालो.

येथे रिक्षातून उतरलो तेव्हा तुझ्या मातोश्री भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. माझ्यावरून ओवाळून टाकला, आणि आणखी एक तुकडा मोडला.

मी विचारले, "हा कोणाचा?"

"तुमच्या मागं उभ्या आहेत त्यांचा. असं काय करता, पाहुण्यांना उन्हात उभं करून?" परक्या माणसाशी त्या कन्नडमध्येच बोलतात. माझ्या खांद्यावरून पाहत, आत बोलावीत म्हणाल्या, "बर्री, ओळग बर्री."

मी मागे वळून पाहिले नाही. तेव्हापासून आमच्याकडे तीन ताटे वाढली जातात. त्रास काही नाही. बाई शांत आहेत.

दीपश्री आता तिचे ताट तीच संपवते, असे तू परवा सांगितलेस. ते ऐकताच मी फोन ठेवून देवापुढे साखर ठेवली. तुला वाटले, लाइन तुटली.

तरी तिकीट काढू नये. मी आलो तर एकटा येणार नाही. दीपश्रीलाही मी असेतो इकडे आणू नये, तिने कितीही हट्ट केला तरी. आजोबा रागावलेले नाहीत, एवढे तिला सांगावे. तिचे फोटो पाठवीत जावे. माझे बरेवाईट झाल्याचे कळेल तेव्हा तू एकट्याने यावेस, आणि परतताना घरातील कोणासही "चला" म्हणू नये.

तुझा पिता,
लक्ष्मण सटवाजी कदम

हा मजकूर लिहून वाचून दाखविते वेळी हजर साक्षीदार:
१. सौ. हिराबाई लक्ष्मण कदम, निशाणी अंगठा.
२. एक परमुलखातील बाई. नाव विचारले असता सांगत नाहीत.