बारा फ्लास्क आणि दोन विद्वान

तीर्थस्वरूप मावशीस,

नमस्कार. गुडघा आता किती अंश वाकतो ते कळव ("बरं आहे" हे मोजमाप नव्हे). काकांचा खोकला उतरला असेल आणि ते तुला एकटीने स्वयंपाकघरापर्यंत चालू देत असतील, असं धरून चालते. मी ठणठणीत आहे. माझी दोन वर्षं मात्र पाण्यात गेली. ती कोणी घालवली हे तुला सविस्तर सांगणं भाग आहे, कारण ऑपरेशनला मी यावं म्हणून फोनवर तूच म्हणाली होतीस, "चार दिवसांत तुझे जंतू काय पळून जाणार आहेत?" मावशी, ते पळून गेले नाहीत. ते एकमेकांच्या घरात शिरले.

आमच्या संचालकांना मागच्या वर्षी साक्षात्कार झाला की ताऱ्यांचा प्रकाश, जंतूंची वाढ आणि शेअरचे भाव ही तिन्ही वर-खाली होतात, सबब तिन्हींचं गणित एकच, सबब तिघांना एक खोली पुरे. (खुर्च्या आल्या त्याही दोनच. मी उभ्याने काम करते, असं त्यांना वाटलं.) तेव्हापासून माझ्या एका बाजूला खगोलवाला बसतो. माणूस वयाने मोठा, अत्यंत सभ्य, आणि एक लाख वर्षांच्या आतल्या सगळ्याला "आत्ताच" म्हणणारा. दुसऱ्या बाजूला शेअरवाला. हा भावांच्या चढउतारांची समीकरणं मांडतो, पण स्वतः आयुष्यात एकही शेअर घेतलेला नाही. खिशात दोन पेनं, पिशवीत दोन छत्र्या, घड्याळंही दोन. (दोन्हींत वेगळी वेळ असते. तो सरासरी काढतो.)

माझं काम तुला एकदा सांगितलं होतं, पण तेव्हा तू भूल उतरत असताना मान हलवत होतीस, म्हणून पुन्हा सांगते. एकाच आईची बारा मुलं बारा घरांत वाढवायची आणि प्रत्येक जण कसा निराळा होत जातो ते बघायचं, एवढंच. मुलं म्हणजे जंतू, घरं म्हणजे फ्लास्क. रोज प्रत्येक फ्लास्कमधला एक थेंब नव्या फ्लास्कात टाकायचा, नंबर तोच ठेवायचा, आणि एकाचा थेंब दुसऱ्यात जाऊ द्यायचा नाही. या शेवटच्या वाक्यावर माझा सगळा प्रबंध उभा आहे, आणि पुढच्या महिन्यात परीक्षक येणार आहेत. तुझ्याकडे निघताना चार दिवसांचं हे काम शेअरवाल्यावर सोपवलं आणि हे वाक्य मी फ्लास्कांच्या कपाटाच्या काचेवर लाल पेनाने लिहिलं. शेअरवाल्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं, आणि समजलं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सात नंबरचा फ्लास्क जरा कमी गढूळ दिसला. माझ्या क्षेत्रात याला निरीक्षण म्हणतात आणि ते वहीत लिहितात. त्याच्या क्षेत्रात याला मंदी म्हणतात. त्याने विचार केला की सगळी ठेव एकेका ठिकाणी अडकवणं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि बारा फ्लास्कांतलं थोडं थोडं बाराही फ्लास्कांत घातलं. अतिशय काळजीपूर्वक, समान प्रमाणात, हातमोजे घालून. मी परतले तेव्हा दारातच म्हणाला, "आता एकही बुडणार नाही, बघ." मी म्हटलं, "आता एकच आहे. बारा वेळा." तो म्हणाला, "पण जोखीम कमी झाली ना?"

तरी मी शांत होते. (तू माझा स्वभाव जाणतेस.) कारण प्रत्येक फ्लास्कचा नमुना संस्थेच्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेला होता. होता, म्हणजे खगोलवाल्याला त्याच्या दुर्बिणीच्या कॅमेऱ्याचा सेन्सर थंडीत तपासायचा नव्हता तोपर्यंत. सेन्सर मावेना, म्हणून त्याने माझा खोका बाहेर काढून खिडकीत ठेवला. अगदी थोडा वेळ, असं तो शपथेवर सांगतो, आणि तो खोटं बोलत नाही हेच संतापजनक आहे. तीन दिवस ऊन खात पडलेला खोका त्याच्या लेखी थोड्या वेळापुरताच बाहेर होता. वर माझी समजूत काढायला म्हणाला, "अगं, सूर्यसुद्धा कधीतरी विझणारच आहे."

मी संचालकांकडे तक्रार घेऊन गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, डोळे पुसले, आणि म्हणाले की आपल्या केंद्राचं हे पहिलं खरंखुरं संयुक्त संशोधन आहे, तिघांच्या नावाने लेख लिहा. माझं नाव तिसरं. हे मी विसरणार नाही.

काकांना नमस्कार. व्यायाम चुकवू नकोस.

तुझी,
भाची

ता. क. हे पत्र ज्याने तुझ्या हातात दिलं तोच शेअरवाला. बाहेरच्या खोलीत बसलेला असेल. वाचताना त्याच्याकडे वर बघू नकोस, आणि काकांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. त्याला मी प्रायश्चित्त म्हणून बर्फाचा डबा देऊन पाठवलं आहे.

आणखी ता. क. तुझ्या फ्रीजरमध्ये वाटाण्यांच्या मागे माझा निळा डबा आहे. ते चेहऱ्याला लावायचं आहे, असं मी ऑपरेशनला आले तेव्हा म्हणाले होते. त्यात ग्लिसरीन आहे, तेवढं खरं. बाकी त्या बाराही फ्लास्कांच्या बारा कुप्या आहेत. या दोघांच्या भरवशावर मी सगळं इथे सोडून येईन, असं तुला वाटलं तरी कसं? म्हणजे दोन वर्षं तशी गेलेली नाहीत. पण वर लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे आणि माझा राग कायम आहे. (तू खरंच चेहऱ्याला लावलं असशील तर घाबरू नकोस, जंतू निरुपद्रवी आहेत. फक्त कोणत्या नंबरचं लावलंस ते कळव.)

शेवटचं. तो खाली डब्यात बर्फ भरतो आहे तोवर लिहिते. अर्ध्या कुप्या आज आणि अर्ध्या दुसऱ्या खेपेला आणाव्यात, वाटेत काही झालं तर सगळं जायला नको, असं त्याने आत्ता सुचवलं. मी त्याला इतकं झापलं की खगोलवाल्याने दुर्बिणीचं काम थांबवलं. मग मी बसून हिशेब केला. तर त्याला सहाच दे, एक ते सहा. सात ते बारा वाटाण्यांच्या मागेच राहू देत, त्या मी स्वतः येऊन नेईन. त्याने मोजल्या आणि विचारलं, तर उरलेल्या तू चेहऱ्याला लावल्यास म्हणून सांग. त्याचं बरोबर होतं, हे मात्र काही झालं तरी सांगू नकोस.