तिसऱ्या ओळीतली जागा

अण्णा, आज सकाळी सेलूच्या एका पोरीनं मला विचारलं, ताई, एवढं साधं सांगायला तुम्ही शिकलात कुठे? मी तिला खोटं उत्तर लिहून पाठवलं. तेव्हापासून कामात लक्ष लागेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. तुम्ही बोर्ड रंगवायचे, मी वेबसाइट बनवते. वेबसाइट म्हणजे काय हे सांगायला गेले तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत राहाल, म्हणून सोपं करून सांगते. ती बोर्डाचीच पोटजात आहे. दुकानाचा, शाळेचा, दवाखान्याचा बोर्ड, फक्त तो भिंतीवर न लागता लोकांच्या हातातल्या फोनवर लागतो. शिडी लागत नाही, रंग वाळायची वाट बघावी लागत नाही, टर्पेंटाइनचा वास केसांत बसत नाही. गिऱ्हाईक मात्र जसंच्या तसं आहे. अजूनही बोट दाखवून म्हणतं, इथं रिकामं दिसायलंय, कायतरी टाका की.

आमच्यासारखं काम करणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. कुणी नवं पान केलं की त्याचा फोटो तिथे टाकतो आणि बाकीचे काय खटकतं ते सांगतात, काय आवडलं ते उचलतात. त्या पोरीनं एका डॉक्टरांच्या दवाखान्याचं पान टाकलं होतं. चार रंग, वर फिरती पट्टी, डॉक्टरांचा फोटो, डॉक्टरांच्या वडिलांचा फोटो, आणि या सगळ्यात फोन नंबर कुठे आहे ते शोधायला पेशंटला नातेवाईक सोबत आणावा लागेल अशी अवस्था. मी लिहिलं, फोन हातभर लांब धरून बघ, जे वाचता येत नाही ते काढून टाक. रंग दोनच ठेव, तिसरा फक्त एका ठिकाणी. आणि जागा आधी काढ, अक्षर मग. सगळ्यांनी अंगठे उभे केले. तासाभरात पोरीनं सुधारलेलं पान टाकलं, चांगलं झालं होतं, आणि मग तिनं तो प्रश्न विचारला. मी लिहिलं, "अनुभवानं."

अनुभव तुमचा होता. तुम्ही हातभर लांब म्हणत नव्हता, तुम्ही एसटी म्हणायचे. बोर्ड रंगवून झाला की रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे, एखादी एसटी यायची वाट बघायचे आणि ती गेल्यावर मला विचारायचे, "खिडकीतल्या बाईनं काय वाचलं असंल?" मी सगळा बोर्ड वाचून दाखवला की हसायचे. "एवढं न्हाई वाचत कुणी. गाडी चालायलीय ना. दोन शब्द वाचले असतील. ते दोन कोणते, ते आपण ठरवायचं." आज शहरातले लोक हीच गोष्ट शिकवायला फी घेतात आणि मी ऐकताना गालात हसते.

मावशीकडे सेलूला जाताना आपण देवगाव फाट्यावर उतरायचो ते आठवतं. तिथल्या चहाच्या हॉटेलात गाडीची वाट बघत दोन-तीन पेंटर हमखास भेटायचे, डब्या-ब्रशांच्या पिशव्या बाकाखाली ठेवून. आमच्या आजच्या ग्रुपात आणि त्या बाकड्यात काडीचा फरक नाही. कुणी परभणीत पाहिलेला नवा 'श्र' बशीत चहाच्या बोटानं काढून दाखवायचा. कुणी विचारायचा, पिवळ्यावर पांढरं का दिसत नाही. सेलूचे चाचा, ज्यांची दाढी कायम कुठल्या तरी बोर्डाच्या रंगाची असायची, ते स्वतःच्या चुकाच जास्त सांगायचे. एकदा घाईत त्यांनी साडीच्या दुकानाच्या बोर्डावर शिरोरेषा एका दमात ओढली आणि शब्दांमधली जागा सोडायचं राहून गेलं. सगळी अक्षरं एकाच दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. दुकानदार म्हणाला, छान झालंय, पण लिव्हलंय काय? चाचा ही गोष्ट दर वेळी सांगायचे आणि दर वेळी आधी स्वतःच हसायचे. मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "बेटी, आमी अक्षर काढतो. तुझा बाप जागा काढतो. बघून शीक." तुम्ही बशीत फुंकर मारत म्हणायचे, "जागा आधी काढावी. अक्षर मागून येतंच."

आता त्या बोर्डाकडे येते, ज्यासाठी हे सगळं चाललं आहे. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला, आणि आपल्या घरात बुद्धाच्या शेजारी ज्यांचा फोटो होता त्यांचं नाव द्यायचं ठरलं म्हणून गावोगाव आपल्या लोकांची घरं जळाली. आपण गाव सोडून सोनपेठला आलो. तुम्ही मोर्चात दिसला नाहीत. भिंतीवर घोषणा लिहायला पोरं बोलवायला यायची तेव्हा तुम्ही त्यांना रंग द्यायचे, ब्रश द्यायचे, चहा पाजायचे आणि घरातच बसायचे. एकदा एकानं तोंडावर म्हटलं, "काका, तुमी भ्यायला लागलाव." तुम्ही म्हणालात, "व्हय." सगळ्या जातीची गिऱ्हाइकं होती, पोखर्णीच्या जत्रेतल्या दुकानांचे बोर्ड होते, तीन पोरं शिकत होती. ते 'व्हय' मला लय लागलं होतं. सहावीत होते मी.

त्याच सुमारास कॉलेज निघालं आणि त्याच्या फाटकावरच्या मोठ्या लोखंडी बोर्डाचं काम तुम्हाला मिळालं. पहिल्या ओळीत संस्थेचं नाव, दुसरीत कॉलेजचं, आणि तिसरीत, आम्ही अमुक विद्यापीठाशी संलग्न आहोत. वरच्या दोन ओळी काठापासून काठापर्यंत भरलेल्या. तिसरी मात्र निम्म्यातून सुरू झालेली, उजव्या काठाला टेकलेली, आणि डावीकडे कोरी निळी जागा. प्राचार्य चांगला माणूस होता, पण थट्टेखोर. म्हणाला, "पेंटर, ओळ घसरली का काय?" तुम्ही म्हणालात, "अक्षराला हवा लागती, साहेब." गावानं तेवढंच उचललं. तुम्ही हवा पेंटर झालात आणि मी शाळेत हवा पेंटरची पोर. दर तीन-चार वर्षांनी तुम्ही तो बोर्ड पुन्हा रंगवला, आणि दर वेळी जागा तिथल्या तिथे, बोटभरही कमी न होता. नाव बदलायचं आज होणार, उद्या होणार, असं म्हणत वर्षं जात होती.

मग तुमची उजवी बाजू गेली. ब्याण्णवमध्ये बोर्ड पुन्हा रंगवायला आला तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावलं. मी बावीस वर्षांची, चित्रकलेचा कोर्स करून आलेली, परभणीहून आणलेली स्टीलची पट्टी पिशवीत. तुम्ही खाटेवरून एवढंच म्हणालात, "हाय तसाच रंगव." मी वर चढून पाहिलं. जुन्या रंगाखाली तुमची पेन्सिलची शिरोरेषा अजून दिसत होती, आणि ती निम्म्यातून नाही, डाव्या काठापासून निघाली होती. मी ती घासून काढली. पट्टी लावली, तिसऱ्या ओळीचा मध्य काढला, अक्षरं जरा मोठी केली आणि ओळ काठापासून काठापर्यंत भरून टाकली. प्राचार्य खाली उभे राहून म्हणाले, "आता कसं सरळ झालं." मला आनंद झाला होता, हे खोटं नाही सांगत.

पंधरा दिवसांनी तुम्ही हट्ट धरून बोर्ड बघायला आलात. काठी डाव्या हातात, उजवा हात मी धरलेला. रस्त्याच्या पलीकडे तुमच्या नेहमीच्या जागी उभे राहिलात. एसटी आली, गेली. तुम्ही मला काहीच विचारलं नाही. नुसतं म्हणालात, "अक्षर लय चांगलं झालंय. शिरोरेषा सरळ हाय, हात थरथरला न्हाई कुठं." मग चालायला लागलात. दहा पावलांवर थांबून म्हणालात, "लोखंडाचा हाय बोर्ड. पुन्हा रंगवता येतो." मी म्हटलं, हो अण्णा. घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत, भूक नाही म्हणालात. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात.

त्यानंतर जेमतेम दोन-तीन महिन्यांनी संक्रांत आली. आई तीळ भाजत होती आणि रेडिओवर सांगितलं. नाव लागलं, जुन्या नावाच्या आधी. आई कढईवरून उठली नाही. तीळ करपले तरी ढवळत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेवढी जागा राखली व्हती त्यांनी. तू भरली तवा लय राग आला मला. तर मलाच म्हनले, तिला बोलू नको. तिला कसं कळंल, आपण कधी सांगितलंच न्हाई की तिला."

कॉलेजातून लगेच निरोप आला. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम, पाहुणे यायचे, तेवढं नाव बोर्डावर घाला. सगळी ओळ खोडून नव्यानं रंगवायची तर ऑइलपेंट वाळायला दोन दिवस लागतात. मी शिडीवर चढले आणि दुसऱ्या व तिसऱ्या ओळीच्या फटीत, सगळ्यात बारीक ब्रशनं, पेपर लिहिताना सुटलेला शब्द वर घालावा तसं ते नाव घातलं. ज्या नावासाठी तुम्ही अकरा वर्षं हातभर जागा सोडून बसला होतात, ते मी नखाएवढ्या अक्षरात लिहिलं. खाली उतरून रस्त्याच्या पलीकडे गेले, एसटीची वाट बघितली. खिडकीतल्या बाईला ते दिसलं नसणार. उन्हाळ्यात मी स्वतःच्या रंगानं अख्खा बोर्ड पुन्हा केला, नाव पूर्ण, मोठं, मी घासून काढलेली तुमची पेन्सिलची रेषा आठवून, डाव्या काठापासून. लोक म्हणाले, बापाच्या हाताचं अक्षर आहे. पण तो पहिला दिवस बारीक अक्षरातच गेला, अण्णा. त्या दिवशी आपल्या वस्तीतली माणसं नवे कपडे घालून फाटकापाशी आली होती आणि मान वर करून नाव शोधत होती.

गेल्या महिन्यात त्याच कॉलेजची वेबसाइट माझ्याकडे आली. आपला जिल्हा पुढे दुसऱ्या विद्यापीठाकडे गेला, पण कॉलेजच्या इतिहासाच्या पानावर त्यांना जुन्या बोर्डाच्या तीन ओळी हव्या होत्या, त्याच. तिसऱ्या ओळीत मी आधी जुनं नाव लिहून पाहिलं आणि मग त्याच्या आधी ते नाव घातलं. पुढची अक्षरं आपोआप उजवीकडे सरकली आणि ओळ पुन्हा मध्यावर येऊन बसली. आता कुणाला जागा राखून ठेवावी लागत नाही. केव्हाही या, सरकून घेतात. मी ते चार वेळा काढलं आणि चार वेळा घातलं. शेवटी हुंदका आला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या पोरानं विचारलं, मॅडम, काही अडलंय का.

आईनं सांगितलेलं तुमचं ते बोलणं मी तीस वर्षं जपून ठेवलं आहे. तिला कसं कळंल. त्याच्या आड बसायला मला बरं वाटत आलं. सगळ्यांना मी तेच सांगत आले, कोर्समध्ये मध्य काढायला शिकवलं होतं, मी काढला, मला काय माहीत.

अण्णा, मी सतरा वर्षांची असताना एकदा भाकरी घेऊन कॉलेजवर आले होते. बोर्डाला रंगाचा नवा हात देऊन दोन-तीन दिवस झाले होते. मी फाटकाजवळच्या लिंबाखाली पोचले तेव्हा तुम्ही शिडीवर होतात आणि धुतलेला ब्रश नुसत्या पाण्यात बुडवून त्या कोऱ्या जागेत लिहीत होतात. वैशाखाचं ऊन. शेवटचं अक्षर काढेपर्यंत पहिलं वाळून गेलेलं असायचं, आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मी सगळं नाव वाचलं. तुम्ही उतरायला लागलात तेव्हा मी मागे सरकले आणि आत्ताच आल्यासारखं दाखवलं.

सेलूच्या पोरीला हे सगळं लिहून पाठवावं, तुमचं नाव सांगावं, असं दुपारी मनात आलं होतं. नाही पाठवत, आणि हे पत्रही कुठे जाणार नाही. पट्टी लावली तेव्हा ती जागा कुणाची आहे हे मला माहीत होतं. ते नाव येईल असं मात्र मला तेव्हा वाटत नव्हतं.