पुंजारामचं कार्ड

परतूर, ता. १९ नोव्हेंबर १९५१

चि. म्हस्कूस बिरूचा आशीर्वाद.

इकडं सगळे खुशाल. जिनिंग चालू झाली, कापसाच्या गाड्या येऊन राह्यल्या. आईचा गुडघा बरा हाय. झालं, खुशाली संपली.

आता सांग, माझी ट्रंक उघडायला तुला कोणी सांगितल्तं? दिवाळीला आलास, पोटभर जेवलास, अन् जाताना माझ्या जर्मन कैदेतली कार्डं उचलून नेलीस! तुझ्या बालकिशन शेठला लढाईत पकडलेल्या जहाजवाल्यांचे कागद जमवायचा शौक, म्हणून? मालकाला खूश करायला भावाची पेटी फोडलीस. लाज कशी न्हाई वाटली रे तुला!

माझं कार्ड ठिवू दे त्याला. फोटो, नंबर, अंगठा, सगळं. पण दुसरं माझ्यासंगं कैदेत असलेल्या पुंजारामचं हाय.

काल शेठचं पत्र आलं. लई गोड लिहितो. कार्डामागचा जर्मन मजकूर त्यानं कोणाकडून तरी वाचून घेतला. आता आष्टीला पुंजारामच्या घरी लिहून आणखी कागद मागणार म्हणे. 'कैलासवासी पुंजाराम' लिहितो! अरे, त्या घरात कोणाला ठाऊक हाय तो मेला ते?

तुलाबी ठाऊक न्हाई. म्हस्कू, त्रेचाळीसच्या थंडीत तो छावणीत खोकून खोकून मेला. माझ्या मांडीवर. मी परत आलो तर त्याची जयवंताबाई दारात, कपाळभर कुंकू. "भाऊ, धनी कुठं हायत?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मागल्या जहाजानं येतेत."

त्याला सहा वर्षं झाली. तिच्या भावानं दोनदा पाट लावायचं काढलं. तिनं हाकलून दिलं. "बिरूभाऊ खोटं बोलायचे न्हाईत," म्हणली.

मुंबईला जहाजाच्या नोकरीवर त्याला मीच नेल्तं. तो येत नव्हता. "मेंढरामागंच मरशील," म्हणून हिणवलं मी.

शेठचे पाय धर न्हाईतर हात धर, पण ते पत्र आष्टीला जाऊ देऊ नको. कार्ड घेऊन रविवारच्या गाडीनं ये. मी टेशनावर उभा राहतो. आष्टीला जाऊ. सांगणार मीच, तू नुस्ता सोबत चल, एकट्याचे पाय उचलत न्हाईत. कार्ड तिच्या हातात देऊ. मंग शेठला द्यायचं का चुलीत घालायचं, ते ती बघील.

अन् तिनं पायातलं काढून मला मारलं, तर मधी पडायचं न्हाई.

तुझा थोरला भाऊ,
बिरू