शनीला वाहिलेल्या चपला

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
सोमवार, १८ मे २०२६

सौ. दानेश्वरी अक्का हिस,
धाकट्या सिद्धूचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. तुला आठवा महिना लागला आहे म्हणून फोनवर काही सांगायचं नाही, अशी शपथ अव्वाने मला घातली आहे. पत्राचं नाव तिने घेतलं नव्हतं. म्हणून हे पाकीट मंगळवेढ्याच्या गाडीवरच्या हरिबा कंडक्टरांच्या हाती देतो आहे. दाजींना स्टँडवर घ्यायला सांग.

परवा शनिअमावास्या होती. अप्पांच्या मीन राशीला साडेसाती आहे आणि त्यांची शुगर त्यामुळेच उतरत नाही, हे शेजारच्या केराबाईंनी अव्वाच्या डोक्यात भरवलं. अप्पा म्हणाले, गळ्यात शिवाचं लिंग हाय, मी शनीच्या दारात कशाला जाऊ? मग अव्वाने आम्हा बापलेकांना वाढलं, पण स्वतः जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी अप्पा मुकाट्याने टोपी घालून दारात उभे राहिले.

अप्पा आणि मी वस्तीपलीकडच्या शनिमंदिरात गेलो. रांगेतच ऊन डोक्यावर आलं. तेल वाहिलं, रुईच्या पानांची माळ घातली. पुजाऱ्याने अप्पांच्या डाव्या पायात काळा दोरा बांधला. केराबाईंनी नियम सांगून ठेवले होते. साडेसाती असणाऱ्याने पायातल्या चपला तिथेच सोडायच्या, अनवाणी चालत घरी यायचं, वाटेत थांबायचं नाही आणि मागे वळून पाहायचं नाही, सोबतच्यानेही नाही.

मला वाटलं होतं अप्पा जुन्या चपला घालून निघाले असतील. बाहेर आलो तर सोडलेल्या चपलांच्या ढिगावर त्यांच्या निळ्या चपला दिसल्या. तू कागदावर त्यांचा पाय आखून बनवून घेतलेल्या, मऊ तळाच्या. मी काही बोलायच्या आत अप्पा म्हणाले, द्यायचंच तर चांगलं द्यावं, फाटकं देऊन देवाला फसवतोस व्हय?

त्यांच्या तळव्यांना आता काही कळत नाही, घरातसुद्धा अनवाणी फिरू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात अव्वा चपला उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही, ते तुला माहीत आहेच. पण बाहेर तरी त्या होत्या. त्या उचलाव्यात असं फार वाटलं. मात्र सोडलेल्या चपला परत घेतल्या तर साडेसाती दुप्पट होऊन घरात येते, असंही केराबाई बोलल्या होत्या. मी पुढे निघालो, अप्पा मागे. डांबर मऊ झालं होतं. अप्पा मागून सारखे कांद्याच्या भावाबद्दल बोलत होते, म्हणून ठीक आहेत असं धरलं. माझ्या पायात चपला होत्या, अक्का. मी एकदाही वळून पाहिलं नाही.

घरी पाय धुताना अव्वाला दिसलं. तळवे पांढरे पडून फुगले होते. डाव्या अंगठ्याखाली मोठा फोड आहे. अप्पा म्हणतात, दुखत न्हाय. त्याचीच मला भीती वाटते. दवाखान्याचं नाव काढलं की कूस बदलतात. काय करू ते लगेच कळव.

रागावलीस तरी चालेल, माया मात्र आटू देऊ नकोस.

तुझा,
सिद्धू

*

मंगळवेढा,
मंगळवार, १९ मे

चि. सिद्धूस,
अक्काचे अ. उ. आ.

तू घाबरलास की तुझं अक्षर जास्तच देखणं येतं. पाकिटावरचं माझं नाव बघूनच मी ते दारातच फोडलं.

दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं नाही रे. त्या पायाला दुखणं कळतच नाही, मग ओरडणार कोण? फोड फोडू नका. अव्वा हळद भरायला बसेल, तिचा हात धर. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात ने. अप्पा ऐकत नसतील तर सांग, दानी एसटीत बसून निघाली म्हणून. हे पोट घेऊन मी खड्ड्यातनं हादरत येणार म्हटल्यावर कसे उठत नाहीत ते बघते.

चपला गेल्याचा राग नाही, दुसऱ्या करता येतील. तू मागे पाहिलं नाहीस, त्याचा आहे. शनी रागावेल म्हणून बापाकडे बघितलं नाहीस, लेका? असो. लिहिलं आणि माझंच मन मोकळं झालं. तू वाचून रडत बसू नकोस, आधी रिक्षा बोलव.

सासूबाईंना, काशम्मांना, सगळं सांगितलं. मला वाटलं माहेरचं दुखणं काढलं म्हणून बोलतील. तर त्यांनीच उठून अप्पांसाठी कडक भाकरी बांधल्या. हरिबांकडे दिल्या आहेत, त्यांनी वाटेत खाल्ल्या नाहीत ना ते बघून घे.

तुझ्यावर चिडायचा हक्क माझा आणि जीव लावायचाही माझाच.

तुझी,
अक्का

*

सोलापूर, दवाखान्यातून,
शुक्रवार, २२ मे, सकाळ

सौ. अक्का हिस,
सिद्धूचा सा. न. वि. वि.

तुझी एसटीची धमकी लागू पडली. बुधवारी अप्पा स्वतःहून रिक्षात बसले, आणि दवाखान्याने लगेच दाखल करून घेतलं. पण त्याआधी मी टॉवेलच्या कारखान्यात कामावर असताना अव्वाने फोड फोडून हळद भरलीच होती. आता अंगठा काळा पडला आहे, पाय घोट्यापर्यंत सुजला आहे आणि ताप हटत नाही.

डॉक्टरीणबाई आज म्हणाल्या, उद्या सकाळी अंगठा काढावा लागेल. सोमवारपर्यंत थांबलो तर विष वर चढेल, मग गोष्ट अंगठ्याची राहणार नाही, पायाची होईल.

उद्या शनिवार आहे. अव्वा म्हणते, शनिवारी आपण घरात साधा खिळा आणत न्हाय आणि नवऱ्याच्या अंगाला लोखंड लावू देऊ? सोमवारी करा की, दोन दिसांनी काय आभाळ कोसळतंय? डॉक्टरीणबाईंनी समजावलं तर तिने तोंड भिंतीकडे केलं. तिच्या मते हे सगळं मी वाटेत मागे वळून पाहिलं म्हणून झालं. मी पाहिलं नाही, असं तिला शपथेवर सांगितलं, आणि सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सही अप्पांची लागते. ते म्हणतात, गुरम्मा हो म्हणंल तवा करीन. जन्मभर तिचं एक ऐकलं न्हाय, आता कुटं सुरुवात केलीय. तापाने डोळे लाल झालेत, तरी हसतात. मला हसू येत नाही. अव्वापुढे माझं तोंड उघडत नाही, ते तुला लहानपणापासून माहीत आहे. हरिबांची गाडी संध्याकाळी माघारी येते. तिच्यासोबत दोन ओळी तरी धाड.

तुझ्या शब्दाची वाट बघत बसलेला,
सिद्धू

*

मंगळवेढा,
शुक्रवार, दुपार

चि. सिद्धूस अ. उ. आ.

गाडी उभी आहे. अव्वाला एवढंच विचार. दानीला शनिवारीच कळा सुटल्या आणि बाळ अडलं, तर डॉक्टरला कात्री खाली ठेव म्हणशील का? उत्तर मला नको, अप्पांना दे म्हणावं.

आणि हे पत्र तिच्यापुढे धरू नकोस. तिला वाचायला लावून तू कोपऱ्यात उभा राहशील. तोंडाने विचार. घाबरत विचारलंस तरी चालेल.

तुझ्या पाठीशी उभी आहे असं समज,
अक्का

*

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
शुक्रवार, ५ जून

सौ. दानेश्वरी अक्का हिस,
सिद्धूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अप्पा बरे आहेत एवढंच कळलं. ते खरं आहे, पण अर्धं आहे. शपथ अजून सुटलेली नाही, म्हणून उरलेलं लिहितो.

शनिवारी सकाळी नर्सबाई कागद घेऊन आल्या. अप्पांनी अव्वाकडे पाहिलं. अव्वा खाटेकडे पाठ करून बसली होती. मी तुझा प्रश्न विचारला. आवाज इतका फुटला की शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ उठून बसले. अव्वाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, म्हंजे दानीला कळवलंस तू. मी म्हणालो, फोनवर नाही. ती म्हणाली, शाळा सोडलीस तरी वकिली कुटं शिकलास रे?

हो किंवा नाही ती बोललीच नाही. तेवढ्यात नर्सबाई म्हणाल्या, पायातला काळा दोरा काढावा लागेल. सूज चढून तो कातडीत रुतला होता, गाठ सुटेना. नर्सबाईंनी ट्रेमधली कात्री उचलली. अव्वा उठली, त्यांच्या हातातून कात्री घेतली, आणि अप्पांच्या घोट्याशी दोऱ्याखाली बोट घालून तिने तो स्वतः कापला. कात्री तिने ट्रेमध्ये परत ठेवली. अप्पांनी कागद मागून घेतला आणि सही केली.

अंगठा गेला, पाय राहिला. सूज उतरली आहे. शुद्धीवर आल्यावर अप्पा पहिलं काय म्हणाले असतील? शनीनं एक घेतलं, नऊ ठिवली. गिरह बी नऊच हायत. दहावं बोट उगंच रिकामं हिंडत हुतं. अव्वा तोंडाला पदर लावून बाहेर गेली. ती हसत होती की काय, ते मी पाहायला गेलो नाही.

मी अप्पांचा पाय पुन्हा कागदावर आखला, तू आखायचीस तसा. डावीकडे पेन्सिल लवकर वळली. मऊ तळाच्या नव्या चपला झाल्या, पुन्हा निळ्याच.

काल त्यांना घरी आणलं. रिक्षा बोळात शिरत नाही, म्हणून पिशव्या घेऊन मी पुढे, आणि अव्वाच्या खांद्यावर हात ठेवून अप्पा मागे. मी दर दोन पावलांना वळून बघत होतो. शेवटी अप्पा खेकसले, समोर बघ की, आता तू पडलास तर तुला कोण उचलणार हितं?

दारात अव्वाने भाकरतुकडा ओवाळून टाकला. सवयीप्रमाणे अप्पा भिंतीला धरून चपला काढायला वाकले. अव्वा म्हणाली, ऱ्हाऊ द्या. अप्पांना वाटलं ऐकण्यात चूक झाली, ते वाकलेलेच राहिले. मग तीच खाली बसली, एकेक पाय उचलून पदराने चपलांचे तळ पुसले, आणि म्हणाली, आत या की आता, उनात किती वेळ उभं ऱ्हाताय.

अप्पा आत आले. देव्हाऱ्यापुढून, चुलीपुढून, चपलांसकट. केराबाई दारातून बघत होत्या. अव्वाने त्यांच्या हातावर साखर ठेवली आणि दार लोटून घेतलं.

काशम्मांना आणि दाजींना माझा नमस्कार सांग. तू जप. शनिवार असो की सोमवार, कळा सुटल्या की मला पहिला फोन कर, आणि जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा,
सिद्धू